न भरणारी टाकी

"आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही," पप्पा म्हणाले, आणि माझा घास हातातच राहिला. पप्पा म्हणजे माझे सासरे, अब्राहाम गुरुजी. श्रीरामपुरातल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी पाढे शिकवलेत, त्यामुळे ते बोलायला लागले की माणसं आपोआप गप्प बसतात. माझ्या नणंदेच्या मुलीचा, रूथचा, सकाळी बाप्तिस्मा झाला होता. चर्चमधून सगळे घरी आले होते, अंगणात मांडव होता, पुलाव आणि मटणाची पहिली पंगत बसली होती, आणि पप्पांनी शेजारच्या काकासाहेबांची फिरकी घेतली होती. काकासाहेबांचं भुसार मालाचं दुकान आहे. त्यांच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी मैला उपसायचा टँकर येतो आणि तो आला की गल्ली दारं-खिडक्या लावून घेते. "तुमच्या टाकीला अपचन झालंय, काकासाहेब," पप्पा म्हणाले. काकासाहेब हसले. "व्हय गुरुजी, खाणारी तोंडं लई हायेत आमच्याकडं. पर तुमची भरत कशी न्हाई, ही जादू सांगा की." मग पप्पांनी ती जादू सांगितली. गंमत म्हणून, जेवता जेवता, भातावर रस्सा ओढून घेत सांगितली. "जादू कसली त्यात. मागची जुनी बोअर फेल गेली होती ना, तिच्यात दिला टाकीचा पाइप सोडून. कितीही येऊ द्या, जातं खाली." पंगत खूश झाली. पाळकसाहेबसुद्धा "वा, गुरुजी" म्हणाले. कुणीतरी माझ्या पानात पुन्हा भात वाढला.

नेमकं तेव्हाच घरात कुणीतरी संडासात पाणी सोडलं. भिंतीतून तो आवाज आला, धबधब, मग घरघर, मग नळीतून काहीतरी उतरत गेल्यासारखं. रोजचा आवाज. या घरात सून म्हणून आल्यापासून मी तो शेकडो वेळा ऐकला असेन, पण त्याच्या मागोमाग कधी गेले नव्हते. आता गेले. भिंतीतून खाली, फरशीखालून टाकीत, टाकीतून त्या पाइपात, आणि पाइपातून बोअरच्या काळ्या तोंडात, जिथे कुणाची नजर पोचत नाही तिथपर्यंत. कुणी सासऱ्याला विचारतं का हो, की पप्पा, आपला मैला शेवटी कुठं जातो? लग्न ठरवताना पगार विचारतात, पत्रिका नसली तरी पाळकांचा दाखला विचारतात, पण हे कुणी विचारत नाही. मी भाताकडे बघत बसले होते आणि तेवढ्यात मागच्या बाजूला पाण्याची मोटर सुरू झाली, कारण दुसऱ्या पंगतीसाठी पिंप भरायचं होतं. ती मोटर दुसऱ्या बोअरवर आहे. पहिली कोरडी गेल्यावर काही महिन्यांनी घेतलेली, भरपूर पाणी लागलेली, अख्ख्या गल्लीत गोड म्हणून नावाजलेली बोअर. या दोन बोअरच्या मध्ये मम्मींची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, कपडे वाळत घालायची एकच तार आहे. तारेवर सकाळपासून रूथची लंगोटं वाळत होती.

माझा धंदाच हा. नगरला सावेडीत आमचं ऑफिस आहे, आणि कुणी प्लॉट पाडून घरं बांधायला निघालं की तिथली माती सेप्टिक टाकीचं पाणी पिऊ शकते का, ते आम्ही तपासतो. खड्डा घ्यायचा, त्यात पाणी भरायचं, आणि ते किती वेळात खाली जातं ते बघायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. फार पटकन गेलं तर वाईट, कारण मग मातीला ते गाळायला सवडच मिळत नाही. अजिबात गेलं नाही तर वाईट, कारण मग ते उलटून दारात येतं. कर्जतकडे एका लेआउटवर मी भर मे महिन्यात गेले होते. काळी जमीन, उन्हानं अशी फाटलेली की भेगेत हात जाईल. मालकानं माझ्यासमोर बादली ओतली आणि पाणी दिसेनासं झालं. "बघा मॅडम, जमीन कशी पिती," तो म्हणाला, जणू स्वतःच्या बैलाचं कौतुक सांगतोय. मी म्हटलं, हे भेगा पितात, जमीन पीत नाही, खड्डा रात्रभर भरलेला ठेवा. दुसऱ्या दिवशी माती फुगून भेगा बुजल्या होत्या आणि खड्ड्यात पाणी जसंच्या तसं उभं होतं, त्यावर दोन बेडूकसुद्धा येऊन बसले होते. मालकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वरून फोन आले, साहेबांनी समजावलं, बाईमाणसानं इतकं ताठ असू नये असंही कुणीतरी सुचवलं. मी जे होतं ते लिहिलं. आणि तेव्हा मला माझा फार अभिमान वाटला होता, कारण तो माणूस माझा कुणी लागत नव्हता.

पुलाव गार होत चालला. मी एक घास तोंडात घातला आणि तो फिरत राहिला. आतल्या आत एक जण म्हणत होता, बाई, वीस वर्षं सगळे हेच पाणी पितायत, धडधाकट आहेत, आजचा दिवस तरी सोड. आणि दुसरी, जिचा आवाज मला जास्त ओळखीचा आहे, ती साधा हिशेब करत होती. बोअर खरंच कोरडी असती, म्हणजे खाली सगळा सलग काळा पाषाण असता, तर ती वर्षभरात तोंडापर्यंत भरून आली असती. ती भरली नाही. याचा अर्थ खडकात कुठेतरी फट आहे, आणि वीस वर्षं तिथून सगळं वाहून जातंय. ज्या फटीतून ते तिकडे जातं तीच फट पुढं आपल्या गोड बोअरला मिळत नसेल कशावरून? पाण्याची वाट हातभर बाजूनं गेली म्हणून पहिली बोअर फेल ठरली, एवढंच. मातीत मुरलं असतं तर निदान काही गाळलं गेलं असतं. इथं मातीला वगळूनच टाकलं होतं.

पण हेही मला ठाऊक होतं की तो संडास पप्पांसाठी नुसता संडास नाही. मम्मींनी मला एकदा तांदूळ निवडता निवडता सांगितलं होतं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा ही गल्ली गावाच्या पार टोकाला होती आणि बायका पहाटे टमरेल घेऊन उसात जायच्या. माझी आईसुद्धा देवळाली प्रवऱ्याला तशीच जायची. उसात साप निघतो म्हणून मला हाताला धरून न्यायची, आणि कुणी पुरुष दिसला की आम्ही दोघी तशाच उठून उभ्या राहायचो, मान खाली घालून. मम्मी पोटुशी असताना एकदा तशाच घसरून पडल्या. त्या महिन्यात पप्पांनी कर्ज काढून गल्लीतला पहिला संडास बांधला, गवंड्याच्या हाताखाली स्वतः विटा दिल्या. हेडमास्तर असून संडास बांधतो म्हणून लोक हसले, तर यांनी दाराला निळा रंग दिला. पण काळी माती ती काळी मातीच. पावसाळ्यात शोषखड्डा तुंबायचा आणि घाण उलटून पुन्हा भांड्यात यायची, आणि मम्मी छत्री घेऊन पुन्हा उसाकडे. मग दुष्काळात बोअर घेतली. तिच्यावर पाळकांना बोलावून प्रार्थना केली होती, गल्ली बघायला जमली होती, आणि वर आला तो नुसता धुरळा. पप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाइप आणला. तुंबलेला संडास आणि फसलेली बोअर, दोन्ही एका पाइपात मिटली. या माणसाच्या आयुष्यातला तो सगळ्यात हुशारीचा दिवस असणार. आणि मी त्यांची लाडकी सून. "माझी सून मातीची डॉक्टर हाय," असं ते बँकेतल्या शिपायालासुद्धा सांगतात. पुढं मूल झालं तर नोकरी सोडायची का, असं माझ्या नवऱ्यानं, केविननं, नुसतं विचारलं होतं, तर हेच म्हणाले होते, "तू सोड, ती सोडणार नाही."

"वहिनी, जेवत का नाहीस?" एंजेला, माझी नणंद, मागून आली. तिच्या कडेवर रूथ होती. "मी हिची बाटली करून घेते. उद्यापासून मम्मीलाच करायचीय ना, आजपासून इथल्याच पाण्याची सवय लावते." एंजेला पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे. तिची रजा संपली होती, दूध आटलं होतं, उद्या सकाळच्या गाडीनं ती जाणार होती आणि तीन महिन्यांची रूथ पावडरच्या दुधावर इथे आजी-आजोबांकडे राहणार होती. हे सगळं मला आठवडाभर माहीत होतं. पण ती पावडर कुठल्या पाण्यात कालवणार, हे आता तिच्या तोंडून ऐकलं. रूथ झोपेत ओठ चोखत होती. त्या ओठांकडे बघून मी पानावरून उठले, हात धुतले, आणि माझ्या बॅगेतून पट्ट्यांची डबी काढली. ती कायम बॅगेतच असते. पट्टी पाण्यात बुडवायची, थोडं थांबायचं, रंग जितका गडद तितकं नायट्रेट, म्हणजे मैल्यातून पाण्यात उतरणारा क्षार, जास्त. स्वयंपाकघरात पिंपातलं पाणी पेल्यात घेतलं. पट्टी गुलाबी झाली, मग जांभळी, आणि डबीवर छापलेल्या शेवटच्या रंगाच्याही पुढे गेली. एंजेला गॅसपाशी उभी राहून बघत होती.

"एंजेला, हे पाणी हिला द्यायचं नाही."

"मी उकळते, वहिनी. चांगलं खळाखळा उकळते, दोनदा."

"उकळून जंतू मरतात गं. हा क्षार आहे. आमटी आटवली की खारट होते ना, तसं होणार. तू जितकं जपून उकळशील तितकं ते वाढेल."

ती नर्स होती, तिला पुढचं सांगावं लागलं नाही, इतक्या लहान बाळाच्या रक्ताचं त्यानं काय होतं, ओठ-नखं कशी निळी पडतात, ते तिनं कुठंतरी शिकलेलं असणार. तिनं गॅस बंद केला. पण पातेलं आधीच एकदा उकळून झालं होतं, आणि बाटली भरून ओट्यावर निवत ठेवली होती, पावडर घालून, हलवून.

केविन आत आला. माझा नवरा भला आहे आणि त्याला भांडण सहन होत नाही. त्यानं पट्टी बघितली, मग माझं तोंड बघितलं. "घरी गेल्यावर बोलू," तो म्हणाला. "तिच्यासाठी जार आणू विकत. पप्पांना कशाला कळायला हवं?" झाकली मूठ सव्वा लाखाची. जार चार दिवस येईल, पाचव्या दिवशी जारवाला येणार नाही, आणि मम्मी म्हणतील, आपल्या गोड पाण्यात काय विष आहे? आणि काकासाहेबांच्या नातवाचं काय? आणि पलीकडच्या भाडेकरूंच्या पोरांचं? त्या फटीला कुंपण थोडंच कळतं? "घर हेच आहे," मी म्हटलं, आणि पट्टी हातात धरून मांडवात गेले.  कुणी थांबवायच्या आत पोचावं म्हणून मी भराभर चालले.

मी सांगितलं. जेवढं साध्या शब्दांत येईल तेवढं, पप्पांसमोर उभी राहून सांगितलं, की ती बोअर बंद करायला हवी, टाकीला तळ घालून ती भरली की टँकरनं उपसायला हवी, आणि तोवर हे पाणी बाळाला द्यायचं नाही. पंगतीतले हात थांबले. पप्पांनी आधी ते हसण्यावारी नेलं. मग त्यांच्या लक्षात आलं की मी थट्टा करत नाहीये.

"नायट्रेट म्हणजे खत," ते सावकाश म्हणाले, वर्गात बोलायचे तसे. "आजूबाजूला काय लावलंय बघ. ऊस. पोत्यानं युरिया पडतोय. त्याचं पाणी खाली जातंय. आमच्या संडासावर कशाला घसरतीस?"

"असेल. अर्धं उसाचं असेल," मी म्हटलं. "ऊस माझ्या हातात नाही, पप्पा. बोअर आपल्या हातात आहे."

"आज तरी नको, मुली," पाळकसाहेब म्हणाले. "मंगल दिवस आहे."

"आज तिला पहिल्यांदा पाजणार आहेत, पाळकसाहेब. उद्या सांगून काय करू?"

पप्पांचा चेहरा लाल झाला. त्यांनी शेजारचा तांब्या उचलला आणि सगळ्यांदेखत घटाघटा रिकामा केला. पाणी हनुवटीवरून त्यांच्या टायवर सांडलं. "वीस वर्षं पितोय. काय झालं मला? सांग, काय झालं?" माझ्या तोंडून चटकन निघालं, "तुम्हाला काही होणार नाही. तुम्ही पिंपच्या पिंप प्या. तिला होईल." कुणाचीतरी थाळी खाली पडली. मम्मी दारात आल्या होत्या, पदरानं तोंड झाकून. मला वाईट वाटत होतं, आणि तरी माझी मान खाली जाईना. आईसोबत उसात उभी राहायचे तेव्हा घातली होती तेवढी पुरे झाली.

"मोठी झालीस," पप्पा म्हणाले. "एवढ्या लोकांत म्हाताऱ्याला सांगतीस, की तू घरादाराला घाण पाजतोस म्हणून. एंजेला! आण ती बाटली. इकडं आण पोरीला. मीच पाजतो."

एंजेलानं माझ्याकडे बघितलं. पण वडिलांचा आवाज, आणि त्या आवाजाला तिची लहानपणापासूनची सवय. तिनं बाटली आणली. रूथ जागी झाली होती, भुकेनं किरकिरत होती, आणि आजोबांच्या मांडीवर ठेवताच तिनं तोंड उघडलं. मी हिसकावू शकले असते. माझा हात पुढे गेलासुद्धा. पण हिसकावली असती तर गोष्ट तिथंच संपली असती: सुनेनं तमाशा केला, म्हाताऱ्याच्या हातून नातीची बाटली ओढली. आणि उद्या मी नगरला, आणि बाटली इथेच. मी हात मागे घेतला.

"पाजा, पप्पा," मी म्हटलं.

केविन "कृपा!" असं माझं नाव घेऊन ओरडला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"पाजा. तुम्हाला खात्री आहे ना? मी ही नोकरी टिकवली ती तुमच्या जोरावर, तुम्हीच मला मातीची डॉक्टर म्हणता. डॉक्टर खोटं बोलतीय असं वाटत असेल तर पाजा. मी इथंच उभी आहे."

एका बाटलीनं कदाचित काही झालंही नसतं. हे मला माहीत होतं आणि त्यांना माहीत नव्हतं, आणि ते मी सांगितलं नाही. त्यांनी बाटली कलती केली. निपलच्या टोकाशी दुधाचा एक थेंब जमला. रूथ तो शोधत होती, मान इकडे तिकडे करत, डोळे मिटून.  पाजली तर? हा हट्टी माणूस आहे, यानं गावाच्या हसण्याला न जुमानता दाराला निळा रंग दिलाय, हा पाजेलसुद्धा. माझ्या कानात नुसती घरघर चालली होती. बाटली रूथच्या ओठांपाशी येऊन थांबली, आणि तो थेंब तिच्या गालावर पडला. पप्पांनी तो अंगठ्यानं पुसला. मग स्वतःच्या शर्टाच्या बाहीनं पुन्हा पुसला, गाल लाल होईपर्यंत, जणू काही उरायलाच नको.

"काकासाहेब, तुमच्याकडं नगरपालिकेच्या नळाचं पाणी हाय ना साठवलेलं?" ते म्हणाले. काकासाहेब उठले आणि एंजेला त्यांच्या मागोमाग गेली. रूथ रडायला लागली होती. पप्पांनी तिला खांद्यावर घेतलं, थोपटत राहिले, आणि सगळ्या मांडवाकडे पाठ करून घराच्या मागच्या बाजूला चालायला लागले. मी त्यांच्या मागे गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. तारेवरची लंगोटं त्यांच्या डोक्याला लागत होती. जुन्या बोअरच्या तोंडावर एक शहाबादी फरशी टाकलेली होती आणि तिच्या फटीतून तो पाइप आत गेला होता. ते तिथे उभे राहिले.  "हिच्या आजीला उसात जावं लागू नये, एवढंच होतं," ते म्हणाले, मला की रूथला कोण जाणे. मी माफी मागितली नाही. मागावीशी वाटली, पण ती कशाची मागायची?

"बंद कर," ते म्हणाले. "पण मी संगमनेरला जाईन केविनच्या आत्याकडं, चार दिवस. तेव्हा कर. माझ्या देखत नको."

"नाही, पप्पा. तुमच्या देखतच होईल."

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. वर्गात कुणी उलट उत्तर दिलं की बघत असतील तसं. रूथ हुंदके देत शांत होत होती. मी नजर काढली नाही. मग त्यांनी बुटाच्या टोकानं फरशी जराशी सरकवली आणि आतल्या अंधारात बघितलं.

"नुसता मुरूम टाकून भागंल का?"

"नाही. खालपासून सिमेंट भरावं लागेल."

"मग माणूस चांगला बघ," पप्पा म्हणाले. "मी समोर खुर्ची टाकून बसणार हाय."